जुना अ‍ॅम्प्लिफायर घेण्याआधी आपली आवड ओळखा

जुन्या हाय-फाय अ‍ॅम्प्लिफायरच्या नादाला नव्याने लागलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात दहा जण दहा नावं सांगतात. एक म्हणतो मॅरँट्झच घे, आवाज मधाळ आहे. दुसऱ्याला सान्सुईशिवाय बास ऐकूच येत नाही. तिसरा व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांच्या) खाली उतरायला तयार नसतो. हे सगळे आपापल्या घरात, आपापल्या स्पीकरवर, आपापलं संगीत ऐकून बोलतात आणि आपापल्या जागी खरंच बोलतात. तुमची खोली, तुमचे स्पीकर आणि तुमचं संगीत मात्र वेगळं आहे, त्यामुळे त्यांचं उत्तर तुम्हाला जसंच्या तसं लागू पडत नाही.

इथे ‘जुना’ म्हणजे साधारण १९५० ते १९८५ या काळात घरगुती संगीतासाठी बनलेला अ‍ॅम्प. त्यात सगळं एकाच पेटीत असलेले इंटिग्रेटेड अ‍ॅम्प आले, ट्यूनरसह येणारे रिसीव्हर आले आणि आवाज-टोन सांभाळणारा प्री-अ‍ॅम्प व स्पीकरला ताकद देणारा पॉवर अ‍ॅम्प अशा वेगवेगळ्या जोड्याही आल्या. ज्यांनी यातलं अजून काहीच घेतलेलं नाही, त्यांच्यासाठी पायरीपायरीने लिहितो आहे. क्रमाला महत्त्व आहे. बहुतेक जण मॉडेल आधी ठरवतात आणि स्पीकर, व्होल्टेज, दुरुस्ती यांचा विचार पैसे देऊन झाल्यावर करतात.

पहिली पायरी: आवडीचे धागे वेगळे करा

जुन्या अ‍ॅम्पची आवड कानाची असते, हाताची असते आणि डोळ्यांचीही असते. पायोनियरचा जड अ‍ॅल्युमिनियमचा नॉब फिरवताना बोटांना जाणवणारं वजन, अंधारात निळी उजळणारी मॅरँट्झची डायल, मॅकिन्टॉशच्या काळ्या काचेवरची हिरवी अक्षरं, हे आवडणं अगदी रास्त आहे. ज्या वस्तूसमोर रोज संध्याकाळी बसायचं, ती देखणी असावी असं वाटण्यात काहीच कमीपणा नाही. घोळ होतो तो डोळ्यांची आवड कानाच्या नावावर मांडली की. मग माणूस निळ्या डायलसाठी पैसे मोजतो, आवाजात चमत्कार शोधत बसतो, आणि तो सापडला नाही की अ‍ॅम्प विकून पुढचा घेतो.

म्हणून आधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. हाच अ‍ॅम्प साध्या पत्र्याच्या खोक्यात असता तर घेतला असता का? आणि त्याचा आवाज आजच्या एखाद्या बऱ्या अ‍ॅम्पइतकाच, ना कमी ना जास्त, निघाला तरी तो हवासा वाटेल का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर तुमची आवड हाताची आणि डोळ्यांची आहे. तुमचं काम सोपं आहे: बाहेरून सुंदर आणि आतून निरोगी नमुना शोधायचा, बस्स.

कानाचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा लहान असतो, हे मी ठामपणे म्हणतो. १९७८ साली ब्रिटनमध्ये जेम्स मॉयर या ध्वनितज्ज्ञाने क्वाड कंपनीचे तीन पॉवर अ‍ॅम्प घेऊन श्रवणचाचणी केली: १९५३ चा व्हॉल्व्हवाला ‘क्वाड टू’, १९६७ चा ट्रान्झिस्टरवाला ३०३ आणि १९७५ चा ४०५. आवाजाची पातळी सारखी ठेवली होती आणि कोणता वाजतो आहे हे ऐकणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. तिन्हींची रचना पूर्णपणे वेगळी, तरी ऐकणाऱ्या मंडळींना ते भरवशाने वेगळे ओळखता आले नाहीत. एकाच चाचणीवरून सगळेच अ‍ॅम्प सारखे ठरत नाहीत. पण चांगल्या बनावटीचे, निरोगी आणि ताकदीच्या आत वाजणारे अ‍ॅम्प एकमेकांच्या किती जवळ येतात, याची कल्पना त्यातून येते.

फरक खरोखर ऐकू येतो अशा जागाही आहेत, आणि त्या माहीत हव्यात. पहिली जागा म्हणजे अ‍ॅम्प दमला की. ताकद संपल्यावर कोण कसा फाटतो यात पुष्कळ फरक असतो. व्हॉल्व्ह बहुधा हळूहळू चिरडतो, ट्रान्झिस्टर एकदम कापतो. दुसरी जागा म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर यांचं जुळणं. स्पीकरचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा असतो. बऱ्याच व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स जास्त असल्यामुळे स्पीकरच्या त्या चढउतारांप्रमाणे आवाजही थोडा वाकतो. ‘व्हॉल्व्हची ऊब’ म्हणून जे सांगतात, त्याचा मोठा भाग इथून येतो, आणि स्पीकर बदलला की ती ऊबही बदलते. तिसरी जागा वयाची: कंडेन्सर (वीज साठवणारे भाग) सुकले, स्विचला गंज धरला की आवाज बदलतो. एखाद्या ब्रँडचा म्हणून सांगितला जाणारा ‘मऊ’ आवाज कित्येकदा न दुरुस्त केलेल्या अ‍ॅम्पचा असतो.

दुसरी पायरी: स्पीकर आणि खोली

अ‍ॅम्पच्या आधी स्पीकर ठरवा. स्पीकर बदलून आवाज जितका बदलतो, तितका अ‍ॅम्प बदलून कधीच बदलत नाही. स्पीकरच्या माहितीत सेन्सिटिव्हिटीचा आकडा पाहा: १ वॉट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो. ३ डेसिबल वाढवायला दुप्पट वॉट लागतात. म्हणजे ८६ डेसिबलच्या स्पीकरला ९२ डेसिबलच्या स्पीकरइतकं वाजवायचं तर चौपट ताकद हवी. ६० वॉटचा अ‍ॅम्प सोडून ८० वॉटचा शोधण्याने मात्र सव्वा डेसिबलच्या आसपास फरक पडतो, जो कानाला जेमतेम कळतो.

दहा बाय बाराच्या खोलीत, शेजाऱ्यांची भिंत सामाईक असताना, ८८-९० डेसिबलच्या स्पीकरला २० ते ४० वॉट पुरे होतात. ज्या एनएडी ३०२० ने १९७८ नंतर जगभरच्या तरुण श्रोत्यांची घरं भरली, तो कागदावर २० वॉटचाच होता. एरिक एडवर्ड्‌सन यांनी त्याची रचना करताना अवघड स्पीकरला क्षणभर जास्त करंट देता येईल याकडे लक्ष दिलं, शिवाय ‘सॉफ्ट क्लिपिंग’चं बटण दिलं, जेणेकरून दमला तरी तो कर्कश होऊ नये. छोट्या खोलीसाठी मी आजही याच जातीचा अ‍ॅम्प आधी सुचवतो.

वॉटच्या आकड्यांबद्दल एक सावधगिरी. अमेरिकेत १९७४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनचा नियम आला आणि अ‍ॅम्पची ताकद कशी मोजायची व छापायची याला शिस्त लागली. त्याआधी ‘म्युझिक पॉवर’, ‘पीक पॉवर’ असे फुगवलेले आकडे सर्रास छापले जात. १९७४ आधीच्या जाहिरातीतला वॉटचा आकडा त्यानंतरच्या आकड्याशेजारी ठेवून तुलना करू नका. नियम आल्यावर जपानी कंपन्यांची खरीखुरी शर्यत लागली: १९७६ चा पायोनियर एसएक्स-१२५० दर चॅनलला १६० वॉट, तर १९७८ चा एसएक्स-१९८० तब्बल २७० वॉट. दुसऱ्याचं वजन पस्तीस किलोच्या घरात आहे. इंजिनिअरिंग म्हणून ते थक्क करणारं काम आहे, पण पहिला अ‍ॅम्प म्हणून मी कोणाला सुचवणार नाही. बिघडला तर उचलून दुकानापर्यंत नेणं हेच एक प्रकरण होतं, आणि आत दुरुस्त करण्यासारख्या गोष्टीही तितक्याच जास्त.

मागच्या बाजूला स्पीकरचे किमान ओहम लिहिलेले असतात, तेही वाचा. ए आणि बी असे दोन्ही स्पीकर-जोड एकदम लावले तर ८ ओहमचे दोन स्पीकर बहुतेक अ‍ॅम्पवर मिळून ४ ओहम होतात. जुन्या अ‍ॅम्पचे आउटपुट ट्रान्झिस्टर यातून हकनाक जातात.

तिसरी पायरी: तुम्ही काय ऐकता?

ही माझी सगळ्यात आवडती पायरी आहे, आणि नेमकी हीच लोक सोडून देतात. जुन्या अ‍ॅम्पची खरी श्रीमंती त्याच्या बटणांत आहे. आजच्या अ‍ॅम्पवर बहुधा आवाज कमीजास्त करण्यापलीकडे फारसं काही उरलेलं नाही. सत्तरच्या दशकातल्या अ‍ॅम्पवर मोनो, लो फिल्टर (खालची घरघर कापणारा), हाय फिल्टर (वरची चरचर कापणारा), लाउडनेस, टोन, दोन-दोन टेप आणि फोनो (रेकॉर्ड प्लेअरसाठीचे) इनपुट असतात. यातलं तुम्हाला काय लागणार हे तुमच्या संग्रहावर ठरतं.

आपल्याकडे घरोघरी जे रेकॉर्ड निघतात ते पाहा. नाट्यसंगीत, भावगीतं, अभंग, ख्याल, दमदमच्या कारखान्यातून निघालेल्या एचएमव्हीच्या एलपी आणि ईपी. त्यांतल्या कितीतरी मोनो आहेत आणि बहुतेकांनी मागच्या पिढीचा जाड सुयांचा मार खाल्लेला आहे. मोनो रेकॉर्डमध्ये संगीत फक्त सुईच्या आडव्या हालचालीत कोरलेलं असतं. स्टिरिओ पिकअप उभी हालचालही उचलतो, आणि त्यात संगीत काहीच नसून नुसती धूळ, ओरखडे आणि खरखर असते. मोनोचं बटण दाबलं की दोन्ही चॅनल एकत्र होतात, ती उभी हालचाल एकमेकांना छेदून जाते आणि गायकाचा आवाज पुढे येऊन स्थिर उभा राहतो. जुना मराठी संग्रह असलेल्या माणसाने मोनो बटण नसलेला अ‍ॅम्प घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हाय फिल्टरचंही तसंच. बहुतेक जपानी अ‍ॅम्पवर तो एकच ठरावीक असतो आणि खरखरीबरोबर आवाजातला श्वासही नेतो. क्वाड ३३ या प्री-अ‍ॅम्पवर मात्र १०, ७ आणि ५ किलोहर्ट्झ अशी तीन बटणं आहेत आणि काप किती उताराने घ्यायचा तेही नॉब फिरवून ठरवता येतं. घासलेल्या जुन्या रेकॉर्डवर ७ किलोहर्ट्झ आणि मध्यम उतार लावून बघा: तंबोऱ्याची जवारी शाबूत राहते आणि वरची चरचर उतरते. हे यंत्र बनवणाऱ्या पीटर वॉकर यांना जुन्या रेकॉर्डचं दुखणं नेमकं कळलं होतं.

लाउडनेसच्या बटणाला पुष्कळ जण नावं ठेवतात. त्यामागचं शास्त्र पक्कं आहे. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं की आवाज कमी झाला की कानाला खर्ज खूपच कमी ऐकू येतो. रात्री अकराला हळू आवाजात डग्गा गायब होतो तो यामुळे. साधं लाउडनेस बटण एका ठरावीक अंदाजाने बास उचलतं, म्हणून ते कधी जुळतं, कधी थुलथुलीत वाटतं. यामाहाने सत्तरच्या दशकात त्याऐवजी नॉब दिला: लाउडनेस ‘फ्लॅट’वर ठेवून आवाज जास्तीत जास्त हवा तितका लावायचा, आणि मग कमी करायचा तो लाउडनेसच्या नॉबने. मधले स्वर जास्त उतरतात, खर्ज टिकून राहतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि रात्री उशिरा ऐकणाऱ्या माणसासाठी याहून उपयोगी सोय मला कुठल्या अ‍ॅम्पवर दिसलेली नाही. यामाहाच्या सीए आणि सीआर मालिकांकडे माझा ओढा आहे त्याचं पहिलं कारण हे.

रेकॉर्ड नसतील, फक्त फोन किंवा सीडीवरून ऐकणार असाल, तर फोनोची फिकीर सोडा, पण एक गोष्ट लक्षात ठेवा. या अ‍ॅम्पचे ऑक्स इनपुट (बाहेरचं यंत्र जोडायची जागा) साधारण १५० मिलिव्होल्टवर पूर्ण ताकद देतील असे बनवलेले असतात. सीडी प्लेअर देतो २ व्होल्ट. त्यामुळे नॉब घड्याळाच्या आठवर असतानाच खोली दणाणते आणि नवख्याला वाटतं, काय ताकद आहे! ती ताकद नव्हे, नुसती जास्तीची सिग्नल आहे. शिवाय नॉबच्या त्या सुरुवातीच्या भागात डावा-उजवा समतोल सर्वात वाईट असतो. प्लेअरचा आवाज कमी करा किंवा मध्ये अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा छोटा जोड) लावा.

चौथी पायरी: घराणी ऐकून घ्या

आता नावांकडे वळायला हरकत नाही.

ब्रिटिश घराणं मितभाषी आहे: क्वाड, लीक, पुढे एनएडी. वॉट कमी, बटणं नेमकी, आकार लहान. क्वाड ३३ आणि ३०३ ची जोडी पुस्तकांच्या कपाटात बसते. अडचण एवढीच की जोडण्या डीआयएन सॉकेटच्या (गोल, अनेक पिनांच्या जुन्या युरोपियन पद्धतीच्या), त्यामुळे केबल बनवून घ्याव्या लागतात. अमेरिकन व्हॉल्व्ह घराण्यात १९५९ चा डायनाको एसटी-७० आणि १९६१ चा मॅकिन्टॉश एमसी २७५ ही दोन टोकं. डायनाको ३५ वॉटचा, डेव्हिड हॅफलर यांनी मुद्दाम साधा ठेवलेला, लोकांनी घरी किट जोडून बनवलेला. त्यामुळे त्याची दुरुस्ती समजायला सोपी. मॅकिन्टॉश ७५ वॉटचा आणि किमतीने आज संग्राहकांच्या हातात गेलेला.

जपानी घराणं सगळ्यात मोठं. पायोनियर, सान्सुई, यामाहा, केनवूड, सोनी, लक्समन. मॅरँट्झचं नाव अमेरिकन, सॉल मॅरँट्झ यांनी न्यूयॉर्कमध्ये उभं केलेलं, पण १९६४ मध्ये कंपनी सुपरस्कोप या अमेरिकन कंपनीकडे गेली आणि २२३०, २२७० हे गाजलेले रिसीव्हर जपानमध्ये बनले. पन्नासच्या दशकातल्या व्हॉल्व्हवाल्या मॅरँट्झची कीर्ती ऐकून कोणी २२७० घेत असेल, तर दोन्ही वेगळ्या हातांची कामं आहेत हे ध्यानात ठेवावं. २२७० स्वतःच्या गुणांवर उत्तमच आहे. सान्सुई एयू-७१७ चा बांधेसूद बास मला फार आवडतो, पण निरोगी नमुना मिळाला तरच.

भारतात आयातीवरच्या कडक निर्बंधांमुळे ही यंत्रं तेव्हा दुकानात सहज मिळत नव्हती. कोकणातून आखातात गेलेल्या माणसांनी, जहाजावर काम करणाऱ्यांनी ती सामानातून आणली. आजही रत्नागिरी, मुंबई, गोवा इथल्या घरांत अशी एकमालकी यंत्रं निघतात. देशी नावांत कोलकात्याची सोनोडाइन आणि मुंबईची कॉस्मिक. जपानी यंत्रांइतकी बारीक कारागिरी त्यांत नसली तरी आपल्या विजेवर चालायलाच ती बनली, सुटे भाग साधे, आणि शिकण्यासाठी फार चांगली.

नवख्याने काय टाळावं हेही सांगतो. सोनी आणि यामाहाचे व्ही-फेटवाले अ‍ॅम्प अप्रतिम आहेत, पण ते ट्रान्झिस्टर आता बनत नाहीत. आउटपुटला एसटीके मॉड्यूल (सगळं सर्किट एकाच ठोकळ्यात) असलेले अ‍ॅम्प स्वस्त मिळतात, मात्र मॉड्यूल गेलं की बाजारात नकलीच जास्त सापडतात. साठच्या दशकातले जर्मेनियम ट्रान्झिस्टरवाले आणि चार चॅनलचे क्वाड्राफोनिक अनुभवी माणसासाठी सोडा. पहिल्या खरेदीला माझी पसंती १९७४ ते १९८० मधल्या, ३० ते ७० वॉटच्या, सुट्या ट्रान्झिस्टरच्या जपानी इंटिग्रेटेड अ‍ॅम्पला. रिसीव्हरपेक्षा त्यात गुंतागुंत कमी.

पाचवी पायरी: व्होल्टेज

ही पायरी चुकली तर अ‍ॅम्प पहिल्याच दिवशी जळतो. जपानच्या बाजारासाठी बनलेला अ‍ॅम्प १०० व्होल्टचा, अमेरिकेतला १२० व्होल्टचा, आणि आपल्या भिंतीत २३० व्होल्ट. मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका. आखातातून आलेल्या यंत्रांना बहुधा मागे व्होल्टेज सिलेक्टर असतो. तो २२० किंवा २४० वर आहे ना, हे प्लग लावण्याआधी डोळ्यांनी पाहा. विकणाऱ्याच्या तोंडी हमीवर जाऊ नका.

१०० व्होल्टचा अ‍ॅम्प घेतलात तर चांगला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. मागच्या पट्टीवर लिहिलेल्या वॉटच्या किमान दीडपट क्षमतेचा घ्या. बाजारात १०० ऐवजी ११० व्होल्ट देणारे स्टेपडाउन खूप विकले जातात. १०० च्या यंत्राला ११० दिले की आत सगळीकडे १० टक्के जास्त व्होल्टेज पोचतं आणि म्हातारे कंडेन्सर त्याखाली बसतात. स्टेपडाउन घरी आणल्यावर त्याचं आउटपुट मल्टिमीटरने मोजा. अमेरिकन यंत्राच्या पट्टीवर नुसतं ‘६० हर्ट्झ’ लिहिलेलं असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर त्याचा ट्रान्सफॉर्मर जास्त तापू शकतो. ‘५०/६०’ लिहिलेलं यंत्र बघा. जपानच्या पूर्व भागात ५० हर्ट्झच वीज आहे, त्यामुळे जपानी यंत्रांना हा प्रश्न सहसा येत नाही.

सहावी पायरी: विकणाऱ्याकडे तपासणी

मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, नाहीतर ओळखीतलं घर, कुठेही गेलात तरी सोबत मल्टिमीटर, टॉर्च, स्क्रू-ड्रायव्हर, फोनची केबल आणि जीव अडकलेला नाही असे जुने स्पीकर घेऊन जा. स्वतःचे चांगले स्पीकर अनोळखी अ‍ॅम्पला कधीही लावू नका.

वाजवण्याआधी बघा आणि हुंगा. झाकणाच्या स्क्रूची तोंडं झिजलेली असतील तर आत हात फिरलेले आहेत. जळकट वास, फुगलेले कंडेन्सर, पाली-झुरळांच्या खुणा टॉर्चने झाकणाच्या जाळीतूनही दिसतात. झाकण उघडू दिलं तर कंडेन्सरच्या बुडाशी तपकिरी, कडक झालेला गोंद शोधा. कारखान्यात मोठे कंडेन्सर हलू नयेत म्हणून लावलेला हा गोंद वर्षांनुवर्षं तापून वाहक होतो आणि आसपासच्या तारा खातो. सान्सुईच्या सत्तरच्या दशकातल्या यंत्रांना हा आजार हमखास असतो. सापडला म्हणून यंत्र सोडू नका, पण भाव करताना तो धरा.

चालू करताना शक्य असेल तर सिरीज बोर्ड वापरा, म्हणजे १०० वॉटचा साधा पिवळा बल्ब अ‍ॅम्पच्या मालिकेत. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत जळत राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. ते ठीक असेल तर बोर्ड काढून सरळ विजेवर चालू करा. संरक्षक रिले (बिघाड झाला की स्पीकर तोडणारा स्विच) असलेल्या अ‍ॅम्पमध्ये काही सेकंदांनी ‘टक्’ असा आवाज यायला हवा. नंतर इनपुट काहीही न देता, आवाज शून्यावर ठेवून, स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजा. २० मिलिव्होल्टच्या आत उत्तम, ५० पर्यंत चालेल, १०० च्या वर गेलं की काम निघालं म्हणून समजा. दोन्ही चॅनल मोजा. या एका मापाने यंत्राच्या तब्येतीबद्दल जितकं कळतं तितकं तासभर गप्पा मारून कळत नाही. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला मात्र हे माप लागू नाही, तिथे आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो; आणि व्हॉल्व्ह अ‍ॅम्प स्पीकर जोडल्याशिवाय कधीही वाजवू नये.

मग स्पीकर लावून प्रत्येक नॉब, प्रत्येक बटण हलवा. खरखर आली तर घाबरू नका, ती कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुधा जाते. आवाज शून्यावर असतानाही एका चॅनलमधून सूं-चरचर येत राहिली तर ती धुळीची नाही, ट्रान्झिस्टरची आहे. २एसए७२६ सारखे त्या काळचे छोटे ट्रान्झिस्टर यासाठी कुप्रसिद्ध आहेत. ते बदलता येतात. सारखी घूं-घूं म्हणजे पॉवर सप्लायचे कंडेन्सर. अर्धा तास वाजू द्या आणि दोन्ही बाजूंच्या हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पंखांना) हात लावा. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट जास्त गरम असेल तर बायस (ट्रान्झिस्टरमधून सतत वाहणारा ठरावीक करंट) बिघडला आहे.

काळजी घ्या: प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये विजेचा साठा राहतो, आणि व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये तो ४०० व्होल्ट किंवा त्याहून वर असतो. तो जीव घेऊ शकतो. आत हात घालणं जाणत्या माणसावर सोपवा.

सातवी पायरी: कारागीर

जुना अ‍ॅम्प घेणं म्हणजे कारागिराशी नातं जोडणं. लॅमिंग्टन रोडच्या आणि बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या गल्ल्यांत अजून अशी माणसं आहेत, ज्यांचे हात या यंत्रांवर घडले. त्यांना ‘सगळं नवीन करून द्या’ असं सांगू नका. सरसकट सगळे कंडेन्सर बदलण्याच्या मी विरोधात आहे. शेकडो ठिकाणी सोल्डर उचलताना जुन्या बोर्डाच्या पट्ट्याच उखडतात. पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक, रिलेचे कॉन्टॅक्ट, तो तपकिरी गोंद आणि ओहमचं मूल्य सरकलेले फ्यूजिबल रेझिस्टर (जास्त करंट आला की फ्यूजसारखे जळणारे), हे आधी. मग बायस आणि ऑफसेट (स्पीकर टर्मिनलवर मोजलेला तो डीसी) सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे लावून घ्या. बहुतेक गाजलेल्या मॉडेल्सची मॅन्युअल मिळतात, प्रत छापून सोबत द्या. काय बदललं त्याची यादी आणि काढलेले भाग परत मागा. खरेदीच्या बजेटमधला चांगला तिसरा हिस्सा यासाठी बाजूला ठेवलेला बरा.

आठवी पायरी: घरी आणून ऐकणं

आता कानाचं काम. तुमच्याकडे आधीचा कुठलाही अ‍ॅम्प असेल तर त्याच्याशी तुलना करा, पण पातळी जुळवून. जरा मोठा आवाज कानाला नेहमी ‘चांगला’ वाटतो, त्यामुळे न जुळवता केलेली तुलना फुकट जाते. फोनवरून ४०० हर्ट्झचा सूर वाजवा, स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्टेज मोजा आणि दोन्ही अ‍ॅम्पवर आकडा एक टक्क्याच्या आत आणा. टोनचे नॉब मध्यावर, लाउडनेस आणि फिल्टर बंद.

ऐकायला काय घ्यावं? पाठ असलेलं काहीतरी. मी तंबोऱ्यापासून सुरू करतो: षड्जाची तार छेडल्यावर तिच्यातून इतर स्वर उमलतात का, की नुसता गुंजारव होतो. मग विलंबित ख्यालातला डग्गा. घुमारा सुरू कुठे होतो आणि थांबतो कुठे. भीमसेन जोशींची तार सप्तकातली दीर्घ पुकार मोठ्या आवाजात ऐका, दमणारा अ‍ॅम्प तिथे कर्कश होऊन उघडा पडतो. किशोरी आमोणकरांची मंद्रातली हळुवार आलापी ऐका, तिथे अ‍ॅम्पची सूं-सूं लपत नाही. शक्य तर घरातल्या कोणालातरी अ‍ॅम्प बदलायला सांगा आणि तुम्ही पाठ करून बसा. फरक कळला नाही तर ते मोकळेपणाने मान्य करा. मग हाताला आणि डोळ्यांना जो आवडतो तो ठेवा. कानाची त्याला हरकत नाही हे तुम्ही तपासलेलं आहे.

एका बैठकीत निकाल लावू नका. काही आठवडे एकच अ‍ॅम्प ठेवा आणि एका गोष्टीकडे लक्ष द्या: ऐकायला बसल्यावर तुम्ही रेकॉर्डची दुसरी बाजू लावता की अर्ध्यातून उठता. आणि कोणत्या बटणांना तुमचा हात रोज जातो. मोनो आणि लाउडनेस रोज लागत असेल तर पुढच्या खरेदीत ते आधी बघायचं, वॉट नंतर.

अ‍ॅम्पच्या वर काही ठेवू नका, चारी बाजूंनी हात जाईल इतकी जागा सोडा. पावसाळ्यात, विशेषतः समुद्रकाठच्या गावांत, दोन-तीन दिवसांतून एकदा तासभर तरी चालू करा आणि सगळे स्विच फिरवा, नाहीतर कॉन्टॅक्ट काळे पडतात. विजा कडाडू लागल्या की प्लग काढा. दर सहा महिन्यांनी दोन्ही चॅनलचा डीसी ऑफसेट मोजून तारखेसह वहीत लिहा. १५ मिलिव्होल्टवर असलेला आकडा एकदम ६० वर गेलेला दिसला, तर आवाज अजून ठीक असला तरी स्पीकर सोडवून ठेवा आणि कारागिराला फोन करा.